पुढच्या बाकांना दारं होती

त्या चॅपेलमधल्या पुढच्या बाकांना दारं होती. गुडघ्याच्या वरपर्यंत येणारी, काळपट लाकडाची, पितळी कडी असलेली. आत जाऊन बसायचं, दार ओढून कडी लावायची, की शेजारून जाणाऱ्याच्या कोटाची कडही आपल्याला लागत नाही. मागच्या बाकांना दारं नव्हती. त्यांना पाठही नव्हती, नुसत्या फळ्या होत्या. पुढच्यांच्या आणि मागच्यांच्या मधे कमरेएवढा कठडा होता. आणि माळ्यावर जायचा जिना इमारतीच्या बाहेरून होता, म्हणजे माळ्यावर बसणाऱ्यांना आतल्यांच्या वाटेत यायची गरजच पडू नये.

चॅपेल सांभाळणाऱ्या बाईंनी पहिल्याच भेटीत मला ती कडी दोनदा लावून दाखवली. ऐंशीच्या पुढच्या, ताठ, लोकरीचा कोट आणि खाली पांढरे स्पोर्ट्स शूज. "सगळं ओरिजिनल आहे," त्या म्हणाल्या. मी मान हलवली. देवाच्या घरात स्वतःभोवती कुंपण घालून बसायचं आणि त्याला कडीही लावायची, हे ज्याला सुचलं त्या सुताराचा आणि ज्याने ते सांगितलं त्या गिऱ्हाइकाचा मला तिथल्या तिथे राग आला.

अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये, नेपरव्हिलच्या पुढे, मक्याची शेतं सुरू होतात तिथे हे गाव आहे. एक पेट्रोल पंप, एक पोस्ट, एक पॅनकेकचं हॉटेल. चॅपेलमध्ये आता नाताळ आणि ईस्टर सोडून कुणी येत नसे, म्हणून ट्रस्टींनी ते इतरांना वापरायला दिलं होतं. शनिवारी तिथे आपलं मराठी मंडळ भरायचं: पूजा, बालवाडी, मग जेवण. रविवारी आमचा ग्रुप: त्रिशरण, पंचशील, एखादं भाषण, खीर. आम्ही बहुतेक नागपूर, अमरावती, मुंबईकडून आलेले. कुणी सॉफ्टवेअरमध्ये, कुणी नर्स, कुणी शिकणारे. आम्ही सगळे मागच्या फळ्यांवर बसायचो. सांगितलं नव्हतं कुणी. पुढच्या बाकांच्या कड्या काढून आत शिरायला कसंतरी वाटायचं एवढंच.

आमच्या ग्रुपचे काका हे आमच्यातले सगळ्यात जुने. माझ्या जन्माच्या आधी या देशात आलेले, पुलांचे इंजिनिअर, आता रिटायर. ऑफिसातल्या भारतीयांनी आडनाव विचारलं की ते आयुष्यभर गावाचं नाव सांगत आले. पण घरी आणि आमच्यात ते वेगळे. निळ्या कोटातला, चष्म्यातला तो मोठा फोटो त्यांच्याकडे असायचा, चांगल्या फ्रेममध्ये. दर रविवारी ते तो गाडीच्या डिकीतून काढायचे, चादरीची घडी उलगडायचे, भिंतीवरच्या तात्पुरत्या हुकाला लावायचे आणि कार्यक्रम झाला की उतरवून परत चादरीत गुंडाळून डिकीत ठेवायचे.

काकू गेल्या तेव्हा फ्युनरल होममध्येही तो फोटो लावला होता. पुढच्या कुटुंबाची वेळ झाली म्हणून तिथल्या माणसाने हळूच येऊन सांगितलं आणि काकांनी बायकोला निरोप देता देता एका हाताने फोटो उतरवला. मी फ्रेमची दुसरी बाजू धरली होती. त्या दिवशी डिकी बंद करताना ते म्हणाले, "एक खिळा पाहिजे गं. आपला. जो परत उपटायचा नाही."

म्हणून बाईंनी जेव्हा सांगितलं, की ट्रस्टी आता थकले, आम्हाला चॅपेल कुठल्या तरी ग्रुपच्या हवाली करायचंय, जो छप्पर सांभाळेल आणि दार उघडं ठेवेल, तेव्हा काकांचा चेहरा मी पाहिला. एप्रिलमध्ये सगळ्यांची एक मीटिंग होणार होती. आणि त्या मीटिंगमध्ये वाचायला बाईंना चॅपेलचा छोटासा इतिहास हवा होता.

"ही लिहील," काका पटकन म्हणाले. "आमची पॅम्फ्लेट्स हीच लिहिते."

ते खरं होतं. माझं दुसरं काही शिक्षणच नाही म्हणा. माझे वडील पुस्तिका विकायचे. ऑक्टोबरात नागपूरच्या मैदानाच्या कडेला फूटपाथवर प्लास्टिकचा कागद अंथरून, एरवी सायकलवरून. आमच्या घरात कादंबरी नव्हती, गोष्टीचं पुस्तक नव्हतं. दोन पिना मारलेल्या, निळ्या नाहीतर गुलाबी कव्हरच्या पुस्तिका होत्या, आणि त्यांच्यावर मी अक्षरं शिकले. पुस्तिकेची एक शिस्त असते. पहिल्या पानावर काय चुकलंय ते सांगायचं, शेवटच्या पानावर काय करायचं ते सांगायचं. मधे फुलंपानं काढायला जागा नसते. बाईंनी माझ्याकडून फुलंपानं मागितली होती हे मला नंतर कळलं.

इतिहासाचा पहिला भाग बाईंनी स्वतःच सांगितला, आणि तो सांगताना दर वेळी त्यांचे डोळे भरून यायचे. त्यांचे पूर्वज इंग्लंडमधल्या एका लहानशा खेड्यातले. तिथे एक दगडी चर्च होतं, सरकारचं आणि जमीनदाराचं. जमीनदाराला आत वेगळी बंदिस्त खोली, त्यात शेकोटी. शेतमजूर मागे उभे. प्रवचन लांबलं तरी उभे. मग काही मजुरांनी तिथे जायचं सोडलं आणि एका गोठ्यात प्रार्थना सुरू केली. त्यांना तिथून हुसकलं. तेव्हा त्यांनी तळ्याकाठी स्वतःच्या हातांनी विटा भाजून चॅपेल बांधलं. चर्च साहेबाचं, चॅपेल आपलं. तिथे सगळे बसायचे.

मला हे ऐकून काय वाटलं ते मी लपवणार नाही. मला हे लोक माझे वाटले. मी घरी येऊन वडिलांना फोन केला आणि म्हणाले, "बाबा, इंग्रजांच्यातही विहार बांधणारे होते." ते खूश झाले. "लिही," म्हणाले.

पण गोष्ट तळ्याकाठी संपत नव्हती. बाई तिथे थांबायच्या, एवढंच. मग एकदम अमेरिकेत यायच्या, बैलगाड्या, बर्फ, पहिलं पीक. मधे काय झालं ते मी गावच्या लायब्ररीत आणि रस्त्यापलीकडे शोधलं. रस्त्यापलीकडे, चॅपेलच्या अगदी समोर, तशीच एक विटांची इमारत आहे. तिच्यात आता कुत्र्यांचं पार्लर आहे. काचेत फुगे लावलेले, आत ड्रायरचा आवाज. पण दाराच्या वरच्या दगडावर क्रॉस कोरलेला आहे. तेही चॅपेल होतं.

झालं असं होतं. त्या इंग्रजी खेड्यात, तळ्याकाठच्या चॅपेलमध्ये, काही वर्षांत गिरणीवाला आला, दुकानदार आला, ज्या मजुरांचं बरं चाललं ते मुकादम झाले. त्यांनी पुढची बाकं धरली. मग बाकांना दारं आली. जे अजून मजूरच होते ते मागे सरकले, मग कठड्याच्या मागे, मग माळ्यावर. आणि एक दिवस ते उठले आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी दुसरं चॅपेल बांधलं. एवढ्याशा खेड्यात एक चर्च आणि दोन चॅपेलं. पुढे दोन्हीकडचे लोक जहाजात बसून इलिनॉयला आले. इथे मैलोन् मैल मोकळी जमीन पडलेली. आणि त्यांनी काय केलं? समोरासमोर दोन चॅपेलं बांधली. एकाने दारं लावलेली बाकं बनवून घेतली. समुद्र ओलांडताना माणसं मेली असतील, पेट्या बुडाल्या असतील, पण ती बाकं कशी असावीत हे डोक्यातून बुडालं नाही.

मी बाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ती नुसती बसायची सोय होती, डिअर. माणसं आपापल्या लोकांत कम्फर्टेबल असतात. हे काही इतिहासात घालायला नको. लोकांना छान वाटलं पाहिजे."

नुसती बसायची सोय. हे वाक्य मी आधी कितीदा ऐकलं होतं, आणि कुठल्या कुठल्या तोंडून.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी बर्फाच्या वादळाची वॉर्निंग आली. कार्यक्रम अर्धा टाकून सगळे धावले. काकांनी मुलांना गाड्यांत बसवलं, बर्फ वितळायला पायऱ्यांवर मीठ टाकलं, आणि फोटो भिंतीवर राहिला. आठवडाभर रस्ते वाईट होते. त्यांना रात्रीची झोप नव्हती. मला फोन करून म्हणायचे, "शनिवारी मंडळवाले बघतील."

"बघू देत की काका."

"तुला कळत नाही."

त्या आधी दोन वर्षं मंडळाला वाटायचं आम्ही मेडिटेशनवाले आहोत. काकांनीच तसं सांगितलं होतं. कोपऱ्यात ठेवलेली आमची बुद्धाची मूर्ती त्यांना आवडायची. मंडळातल्या एका बाईंनी तर तिच्यासाठी आर्टिफिशियल कमळ आणून ठेवलं होतं.

पुढच्या रविवारी आम्ही आलो तेव्हा भिंतीवर फोटो नव्हता. तो मागच्या स्टोअर रूममध्ये सापडला. बर्फ ओढायच्या फावड्यामागे, मिठाच्या पोत्याला टेकवलेला, तोंड भिंतीकडे. काकांनी तो उचलला आणि बाहीने काच पुसली. आणि मग सगळ्यांना वास आला. मागच्या फळ्यांना, आम्ही बसायचो तिथे, खालच्या गालिच्याला. उग्र, डोळ्यांत जाणारा.

काकांची उशिरा झालेली मुलगी कॉलेजात आहे, इथेच जन्मलेली. ती नाक दाबून म्हणाली, "ऑ, ग्रॉस! इट स्मेल्स लाइक अ बार्न."

काकांनी मान वर केली नाही. मला तो वास माहीत होता. आमच्या गल्लीच्या पलीकडे गोठा होता. पण गोठ्याच्या वासात गवत असतं, दूध असतं. हा वास बाटलीतला होता.

खात्री पुढच्या शनिवारी झाली. मी बाईंना इतिहासाची पहिली पानं द्यायला गेले होते. बाई अजून आल्या नव्हत्या. मंडळाच्या अध्यक्ष काकू मात्र आल्या होत्या, पूजेची मांडणी करायला. गोऱ्या, हसऱ्या, जरीचा काठ, वर पफर जॅकेट. एका हातात कागदी कप, दुसऱ्या हातात ग्रोसरीतल्या गुच्छातलं शेवंतीचं फूल. फूल कपात बुडवायच्या आणि मागच्या फळ्यांवर शिंपडायच्या. एकेक फळी, नीट, कुठली राहू नये अशा काळजीने. खिडकीत प्लास्टिकची बाटली होती, लेबलवर गाय.

"काकू, हे काय करताय?"

त्या दचकल्या नाहीत. हसल्या. "अगं, तू? ये ये. काही नाही गं, पूजा आहे ना, जरा शुद्धी. अर्क आहे, डिस्टिल्ड असतो, हायजिनिकच आहे."

"कशाची शुद्धी?"

"असंच. चर्च आहे ना हे. हे लोक सगळं खातात, पितात."

"हे लोक पुढच्या बाकांवर बसतात. तुम्ही मागच्या फळ्यांवर शिंपडताय."

त्यांचा हात थांबला.

"आणि दोन वर्षं येताय तुम्ही. चर्च तेव्हाही होतं. तेव्हा ही बाटली कुठे होती?"

"आठवलं नसेल. तू ना, उगाच प्रत्येक गोष्टीत ते आणू नकोस. माझ्या मुलाचे सगळे फ्रेंड्स तुमच्यातलेच आहेत. आम्ही असलं काही मानत नाही." आणि हे म्हणता म्हणता त्यांनी फूल परत कपात बुडवलं. त्यांना कळलंही नाही आपण काय केलं ते. हाताला सवय असावी तसं.

मला त्यांच्या अंगावर ओरडायचं होतं. पण मी बाहेर त्या जिन्यावर जाऊन बसले, जो माळ्यावरच्या लोकांसाठी बांधला होता. लहानपणी वडिलांच्या त्या पुस्तिकांत एका तळ्याची हकीगत होती. माणसं तळ्याचं पाणी प्यायली म्हणून दुसऱ्या माणसांनी तळ्यात शेण आणि गोमूत्र ओतून ते शुद्ध केलं. मी ते वाचताना हसायचे. सात-आठ वर्षांची होते. मला वाटायचं, किती वेडे लोक, स्वच्छ पाण्यात शेण टाकतात! वडील मला हसू द्यायचे. मला वाटतं त्यांची अशी समजूत होती की मला ते फक्त वाचायला लागेल.

आता तेच इथे चालू होतं, समोर फुगे लावलेलं कुत्र्यांचं पार्लर, आत हीटरची घरघर, आणि कपावर कॉफीच्या दुकानाचं चित्र.

मी काकांना फोन केला. पाहिलं ते सगळं सांगितलं.

"काका?"

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "मागच्या रविवारीच कळलं. वास ओळखीचा आहे."

"मग?"

"मग काही नाही. माझी चूक आहे, मी फोटो विसरलो. इश्यू करू नकोस. मंडळाच्या काकूंशी माझं बोलणं झालंय. दोघांनी जॉइंट अर्ज करायचा ठरतोय. वेगवेगळे गेलो तर ट्रस्टी कन्फ्यूज होतील, त्यांना वाटतं आपण सगळे एकच. शनिवार त्यांचा, रविवार आपला, बिल्डिंग दोघांची."

"आणि फोटो?"

"मूर्ती राहील. कायमची. त्यांना चालतंय."

"फोटो, काका."

"तो पॉलिटिकल वाटतो म्हणतात. तेवढा दर वेळी काढून ठेवायचा. आतापर्यंत काढतच होतो ना? एकदा बिल्डिंग हातात येऊ दे. मग बोलू सगळं."

हा तोच माणूस, ज्याला एक खिळा हवा होता. मी फोन ठेवला. काकूंची मला किळस आली होती, पण ती परक्याची किळस होती, ती थुंकून टाकता येते. काकांची आली ती घशात अडकून बसली.

बाईंना वासाचं कोडं पडलं होतं. त्यांनी प्लंबर आणला, पाइप ठीक निघाले. मग त्यांनी ठरवलं की माळ्यातून रॅकून आत येतोय. या देशात तो मांजराएवढा, तोंडावर काळा पट्टा असलेला प्राणी घराघरांच्या छपरात घुसतो आणि घाण करतो. बाईंनी जाळीचा पिंजरा आणला. त्यांना वाकता येईना. तेव्हा एका रविवारी, आमची वंदना झाल्यावर, काका त्यांच्यासाठी गुडघ्यांवर बसले. सत्तरीतला माणूस, दुखरे गुडघे. मागच्या फळीखाली वाकून त्यांनी पिंजरा सरकवला, आत पीनट बटर लावलेला ब्रेडचा तुकडा ठेवला, दार अलगद वर केलं.

"थँक यू," बाई म्हणाल्या. "हा राक्षस एकदाचा सापडू दे."

"सापडेल," काका म्हणाले.

मी तिथेच उभी होते, हातात खिरीचं भांडं. मला वाटलं, ते माझ्याकडे बघतील. बघितलं नाही. जो प्राणी नाही हे आपल्याला माहीत आहे, त्याच्यासाठी गुडघ्यांवर बसून पिंजरा लावायचा. मी जन्मात इतकं ओंगळ काही पाहिलेलं नाही. बाटली त्यापुढे काहीच नव्हती.

एप्रिलमधली मीटिंग दुपारची होती, पॉटलकसकट, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ घरून आणायचा. बाई आणि त्यांचे दोन म्हातारे सहट्रस्टी कड्या लावून पुढे बसले. मंडळाची माणसं मधे, आम्ही मागे. मंडळाचं जेवण वेगळ्या टेबलावर, वर पाटी: प्युअर व्हेज. आमची खीर त्या टेबलावर नव्हती. खिरीत मांस असतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

मी वाचायला उठले. काकांना मी आदल्या दिवशी सांगितलं होतं, की मी बाकांची आणि बाटलीची, दोन्ही गोष्टी लिहिल्यात. ते एवढंच म्हणाले होते, "तुझ्या काकूचा फोटोही मला एखाद्या भिंतीवर लावायचा होता. लक्षात ठेव."

मी ते लक्षात ठेवलं, आणि वाचलं. शेकोटी असलेली जमीनदाराची खोली वाचली, गोठा वाचला, तळ्याकाठच्या विटा वाचल्या. बाईंचे डोळे भरले. मग मी पुढे गेले. दारं, कठडा, बाहेरचा जिना, समोरचं चॅपेल. बाईंचे डोळे कोरडे झाले. मग मी शेवटच्या पानावर आले, आणि शेवटच्या पानावर काय लिहायचं असतं ते मला शिकवलेलं आहे. या चॅपेलच्या मागच्या बाकांवर या वर्षी कोण बसतं, त्यांना भारतात काय म्हणत असत, आणि शनिवारी ती बाकं कशाने धुतली जातात ते मी वाचलं. इंग्रजीत वाचलं. गायीचं काय ते स्पष्ट शब्दांत वाचलं.

मंडळाच्या काकू उठल्या. "हे एक कल्चरल मिसअंडरस्टँडिंग आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून मराठीत, दातांतल्या दातांत, "लाज वाटते का, बाहेरच्यांसमोर?"

"तुम्हाला आतल्यांसमोर वाटली नाही," मी म्हणाले.

बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या काकांकडे बघत होत्या. "तुम्ही माझ्यासाठी पिंजरा लावलात," त्या म्हणाल्या. "हे खरं आहे का?"

काका उभे राहिले. फळीच्या टोकाला धरून. त्या क्षणी ते नाही म्हणू शकत होते. त्यांना नाही म्हणायला शिकवणारी सगळी वर्षं त्यांच्या पाठीशी होती.

"खरं आहे," ते म्हणाले. "रॅकून नाही. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

त्यांच्या मुलीने तोंडावर हात धरला. मला वाटलं, आता बाई काहीतरी बोलतील, ज्यांचे पूर्वज मागे उभे राहून थकले होते. त्यांनी विचारलं:

"लाकडावरून निघेल का ते?"

पार्किंग लॉटमध्ये काकांनी फोटो डिकीत ठेवला, चादर नीट केली. "तुझं बरोबर होतं," ते म्हणाले. "आता बरोबर असण्याचा उपयोग काय, ते तेवढं सांग." मी अजूनही ते सांगू शकत नाही.

महिन्याभराने बाईंचा फोन आला. चॅपेल मंडळाला द्यायचं ठरलं होतं. त्यांची माणसं जास्त, छपराचं काम मोठं. जुनं काही उकरण्यात ट्रस्टींना रस नव्हता. बाटलीबद्दल काकूंनी माफी मागितली होती, बाईंजवळ, लाकडाबद्दल. "पण तुझा इतिहास सुंदर आहे, डिअर," बाई म्हणाल्या. "आणि बघ ना, तो काय सांगतो? मागच्या माणसांनी जाऊन स्वतःचं बांधलं. तुम्हीही बांधाल. मला खात्री आहे."

मी इतिहास लिहिला होता, आणि त्यांनी तो मलाच बाहेरचं दार दाखवायला वापरला. मागच्यांनी स्वतःचं बांधावं, हे ऐकायला किती छान वाटतं. ज्यांना बसून राहायचं असतं त्यांना तर फारच.

आता आमची वंदना काकांच्या गराजमध्ये असते. दोन्ही गाड्या बाहेर काढायच्या, सिमेंटवर सतरंज्या, कोपऱ्यात हीटर. पहिल्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा काकांनी खिळा आधीच मारलेला होता, जिथे पूर्वी बागेची फावडी टांगलेली असत. खिळा म्हणजे मोठा बोल्टच होता, पूल बांधणाऱ्या माणसाने बसवलेला. फोटो त्यावर होता. शेजारी लहान फ्रेममध्ये आमच्या काकू. चादर धुऊन घडी करून वर कपाटात ठेवली होती. "आता लागणार नाही," ते म्हणाले, आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पिंजऱ्याच्या दिवसानंतर पहिल्यांदा.

मला त्या गराजचं गुणगान करायचं नाही. पावसात पाणी शिरतं आणि हिवाळ्यात म्हाताऱ्यांचे पाय आखडतात. चॅपेल आमचं व्हायला हवं होतं आणि झालं नाही, आणि हे घडवणारे शनिवारी उबेत बसून आरती म्हणतात. मला त्याची चीड आहे आणि ती जाऊ नये अशी माझी इच्छा आहे.

गेल्या महिन्यात ग्रुपमध्ये नवी कुटुंबं आली, जागा कमी पडायला लागली, म्हणून काकांनी फोल्डिंगच्या खुर्च्या आणल्या. मी लवकर पोचले होते. पुढच्या ओळीतल्या खुर्च्यांच्या पाठींवर टेपने कागद चिकटवले होते. प्रत्येकावर जाड मार्करने लिहिलेलं: कमिटी. मागे, दाराजवळच्या गार फरशीवर, नव्या लोकांसाठी सतरंजी.

मी पहिल्या कागदाची टेप नखाने उकरायला लागले.

काका स्टुलावर चढून फोटोला हार घालत होते. मागे वळून म्हणाले, "अगं, राहू दे गं. नुसती बसायची सोय आहे."

मी त्यांच्याकडे बघितलं आणि थांबले नाही. दुसरा कागद काढला. त्यांचा हारातला हात तसाच वर राहिला. मग त्यांनी हार सोडला, खाली आले, आणि टोकाच्या खुर्चीवरचा, स्वतःचा कागद ओढला. टेप निघता निघेना.